विहिरीत नायट्रेट आलं कुठून? माग काढायची रीत

पाण्याच्या अहवालात नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) लिटरला ९० मिलिग्रॅम आलं की गावात पहिला संशय युरियावर जातो. पण गावठाणातल्या विहिरीला शोषखड्डा आणि उकिरडाही तेवढेच पुरतात. नुसत्या नायट्रेटच्या आकड्यावरून उगम कळत नाही. त्याच्यासोबत पाण्यात आणखी काय आलंय, ते बघावं लागतं.

आधी एकक तपासा. भारतीय मानकातली ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा नायट्रेटची आहे. काही प्रयोगशाळा आणि चाचणीपट्ट्या 'नायट्रेट-नायट्रोजन' मोजतात. तो आकडा ४.४३ ने गुणायचा. म्हणजे १२ वाचून निर्धास्त झालात तरी प्रत्यक्षात नायट्रेट ५३ असतं. नायट्रेट मर्यादेखाली येईपर्यंत हे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं.

मग पाण्याचा ओघ ठरवा. उपसा सुरू होण्याआधी, एकाच सकाळी आठ-दहा विहिरींची पातळी टेपने मोजा आणि काठाच्या उंचीतून वजा करा. ही उंची डंपी लेव्हलने (सर्वेक्षणातल्या उंची मोजायच्या दुर्बिणीने) घ्या. मोबाईलची उंची काही मीटर चुकते आणि तेवढ्यात उतार उलटा दिसू शकतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पाणी भेगा धरून चालतं, त्यामुळे हा नकाशा अंदाजापुरताच.

नमुने चार जागचे हवेत: वस्ती-शेतीच्या वरच्या अंगाची विहीर, शेतातली, गावठाणातली आणि गावाच्या खालच्या अंगाची. वरची विहीर सोडली तर तुलना कशाशी करणार? बोअर असेल तर पाण्याचं तापमान आणि विद्युतवाहकता स्थिरावेपर्यंत पंप चालू ठेवा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणीच बाटलीत येतं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, बर्फात ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत द्या. उन्हात राहिलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेटचा आकडा बदलून टाकतात. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी घ्या. ती मात्र विसळू नका.

नायट्रेटसोबत क्लोराइड, पोटॅशियम, बोरॉन आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) मागा. सांडपाण्यात मीठ असतं, म्हणून नायट्रेट आणि क्लोराइड जोडीने चढले, तर वस्तीकडे किंवा गोठ्याकडे बघा. नायट्रेट चढलं आणि क्लोराइड वरच्या विहिरीइतकंच राहिलं, तर खताकडे. इथे एक फसगत होते: म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. ऊस-केळीच्या पट्ट्यात शेतातूनही क्लोराइड येतं आणि पोटॅशियम मातीत अडकून मागे राहतं. त्यामुळे शेतकऱ्यांना कोणतं खत, किती गोण्या, कधी टाकलं हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. गोण्यांवरून नत्राचा हिशेब करताना लक्षात ठेवा, युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. ई-कोलाय सापडला नाही म्हणून शोषखड्डा निर्दोष ठरत नाही. जिवाणू वाटेत मरतात, नायट्रेट पुढे जातं.

मे, जुलै आणि ऑक्टोबर असे तीनदा नमुने घ्या. पहिल्या पावसांनंतर उसळी आली, तर मातीत किंवा उकिरड्यात साठलेलं नत्र धुऊन आलं. बाराही महिने आकडा एकसारखा राहिला, तर शोषखड्ड्याची रोजची गळती असण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही वाद राहिला, तरच आयसोटोप तपासणीवर पैसे घाला. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार; नत्र-१५ हा नत्राचा जड प्रकार, ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून गोठवून पाठवायचा. नत्र-१५ चं मूल्य रासायनिक खताचं साधारण −४ ते +४ प्रति हजार, तर शेणखत-मैल्याचं बहुधा +१० च्या वर. पण ऑक्सिजन कमी असलेल्या खोल पाण्यात जिवाणू नायट्रेट खातात आणि उरलेल्याचं मूल्य वर चढतं. मग खताचं नायट्रेटही मैल्याचं वाटतं. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा. तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर ऑक्सिजन-१८ ही मागवा. दोन्ही मूल्यं सोबत चढलेली दिसली तर ती जिवाणूंची करामत. गोठा आणि संडास यांतला फरक मात्र आयसोटोप दाखवत नाहीत. तिथे धुण्याच्या पावडरीतून येणारं बोरॉन उपयोगी पडतं: ते चढलेलं असेल, तर आधी घरांचे शोषखड्डे उघडून बघा.