नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी रिझोल्यूशन कमी करून बघा

गेम अडखळतोय, पण दोष कार्डाचाच आहे का?

१. व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाशी बांधून ठेवणारी सेटिंग) बंद करा, एफपीएसचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सचा) आकडा स्क्रीनवर आणा.
२. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर न्या. एफपीएस चांगलाच वाढला तर कार्ड बदला. जेमतेम हलला तर अडचण बहुधा प्रोसेसरची. कार्डाचे पैसे वाया जातील.
३. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) कार्डासाठी ६ किंवा ८ पिनची मोकळी वायर नसेल तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० कार्ड बघा. त्याची बरीच मॉडेल्स मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालतात. (८ जीबीचं नको, त्याला वेगळी वायर लागते.)

सावधान: मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा (म्हणजे कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा) असेल तर आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी टाळा. त्याला डेटा ने-आण करायला चारच लेन (मार्गिका) असल्याने ते तिथे मार खातं.