वाई, लिंब आणि औंध : दोन दिवसांची सहल कशी आखावी

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या असंख्य गाड्या वाईच्या बाजारपेठेतून जातात, पण तिथे थांबतात त्या फार थोड्या. सातारा जिल्ह्यातील वाई, मेणवली, लिंब, माहुली आणि औंध ही गावे दोन दिवसांत निवांतपणे पाहून होतात. मात्र या यादीत पाचगणी-महाबळेश्वर घुसवण्याचा मोह टाळावा, कारण तो टाळला नाही तर सहलीचा अर्धा दिवस पसरणी घाटातील वाहनांच्या रांगेत जातो आणि उरलेल्या वेळात प्रत्येक गावाला केवळ हजेरी लावल्यासारखे होते.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असतो आणि शनिवार-रविवार सोडून आठवड्यातील मधले दिवस मिळाले तर फारच चांगले. माघ-फाल्गुनाच्या सुमारास वाईच्या एकेका घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव होतो; त्या दिवसांत गेल्यास गाव आपल्या नदीशी कसे बोलते, ते पाहायला मिळते. रंगपंचमीला मात्र जवळच्या बावधनचे बगाड, म्हणजे नवस केलेल्या माणसाला लाकडी गाड्यावरच्या उंच खांबाला टांगून नेण्याची यात्रा, असते. बगाड पाहण्यासाठीच जायचे नसेल, तर त्या दिवशी वाईचा रस्ता धरू नये.

पुण्यातील स्वारगेटहून वाईला थेट एसटी मिळते, शिवाय महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात. अंतर सुमारे ९० किलोमीटर असून महामार्ग सोडून सुरूर फाट्याला आत वळावे लागते. पहिल्या दिवसाचा सगळा प्रवास एसटी आणि रिक्षा यांवर भागतो. दुसऱ्या दिवशी लिंब आणि औंध दोन्ही करायचे असल्यास साताऱ्याहून दिवसभरासाठी गाडी ठरवणेच शहाणपणाचे ठरते. लहान गावात उतरताक्षणीच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाहकाला विचारून ठेवावी. भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावर विसंबून मी एकदा एका धरणाकाठच्या गावात अंधार पडेपर्यंत बसलो होतो आणि अखेर दुधाच्या टेम्पोतून परतलो.

शक्य असल्यास आदल्या संध्याकाळीच वाईत मुक्कामाला पोहोचावे, कारण वाई पाहण्याची खरी वेळ सकाळी सहा ते नऊ ही आहे. गणपती आळीच्या घाटावर पायऱ्यांवर कपडे आपटल्याचे आवाज येत असतात, कोणी पात्रात उभे राहून अर्घ्य देत असते आणि ढोल्या गणपतीच्या देवळात अजून गर्दी झालेली नसते. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. गणपतीची भव्य मूर्ती पाहून बहुतेक लोक माघारी फिरतात. तसे न करता देवळाला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. नदीला पूर आला की पाणी थेट भिंतीवर आदळू नये, ते दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, म्हणून ही भिंत सपाट न बांधता माशासारखी निमुळती केलेली आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातील काळ्या दगडाचा नंदीही असाच सावकाश पाहण्याजोगा आहे. त्याच्या गळ्यातील साज दगडात कोरलेला आहे, हे हात लावून पाहिल्याशिवाय पटत नाही.

त्यानंतर मधल्या आळीपासून गंगापुरीपर्यंत घाटाघाटाने पायी चालावे. वाटेत नकाशा उघडण्याची गरज नाही, नदी डोळ्यांसमोर असली की पुरे. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहिले, जिथे प्राज्ञपाठशाळा उभी राहिली आणि मराठी विश्वकोशाचे काम चालले, ते गाव किती लहान आहे, हे या पायपिटीतच कळते.

दुपारनंतर रिक्षाने मेणवलीला जावे. अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. नाना फडणविसांचा वाडा खाजगी मालमत्ता असल्याने आत जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि भिंतींवरील चित्रांना हात लावू नये. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक आहे. वेळ उरल्यास पुढे धोमला जाऊन कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी पाहता येतो, पण त्यासाठी मेणवलीच्या घाटावरची संध्याकाळ सोडू नये. रात्रीचा मुक्काम साताऱ्यात करावा.

दुसऱ्या दिवशी प्रथम औंध गाठावे. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सुमारे सव्वा तास लागतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. साप्ताहिक सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. डोंगरावरील यमाई देवीच्या मूळपीठावर पायऱ्या चढून जायचे असल्यास ऊन तापण्याआधी ते उरकावे आणि संग्रहालय नंतर पाहावे. संग्रहालयाला किमान दोन तास द्यावेत. एवढा वेळ देता येणार नसेल, तर औंध या सहलीतून वगळलेले बरे.

परतल्यावर लिंबला जावे. इथली बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. विहीर अष्टकोनी असून तिच्या अंगातच एक छोटा महाल आहे. पायऱ्या उतरून दरवाजातून आत शिरताच हवा एकदम गार होते आणि बाहेरच्या शेतातील पंपाचा आवाज तुटल्यासारखा थांबतो. वर येऊन कठड्याभोवती फिरताना मोटा, म्हणजे बैलांनी ओढायचे पाणी उपसण्याचे चामडी पोहरे, बसवण्याच्या जागा मोजाव्यात. मुले बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे, मात्र त्यांचा हात सोडू नये, कारण विहीर खोल आहे. विहीर शेतांच्या मधोमध असल्याने गाडी उसाच्या बांधाला अडवी लावू नये.

दिवस मावळायच्या सुमारास कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला पोहोचावे. साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहरापासून दूर, याच बाजूला आहे. त्यामुळे रेल्वेने परतणाऱ्यांना पुन्हा शहरात जावे लागत नाही. कंदी पेढे घ्यायचे असतील, तर ते सकाळी औंधला निघण्यापूर्वीच साताऱ्यात घेऊन ठेवावेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता खोक्यातच राहू द्यावेत.