पाळीव सापावर माइट्स झाले? या चुका टाळा

बॉल पायथन दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे कण साचतात, खवल्यांवर पांढरी धूळ दिसते. इथपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येतं. घोळ त्यानंतर होतो. घाबरलेला मालक कुणाला तरी विचारतो, तो कुणी एक औषध सुचवतो आणि तासाभरात ते सापावर मारलंही जातं. माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी, एका रात्रीत साप मारत नाहीत. चुकीचं औषध मारू शकतं.

म्हणून आधी खात्री करा. पांढरा किचन रोल कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि सापाला त्यातून डोक्याकडून शेपटीकडे सरकू द्या. काळे-तपकिरी ठिपके हलताना दिसले आणि चिरडल्यावर लाल डाग पडला, तर ते रक्त पिणारे माइट्स, म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस. मोठी मादी जेमतेम एक मिलिमीटरची. डोळ्यांभोवतीची कड, हनुवटीखालची घडी, ओठांवरचे उष्णता जाणणारे खड्डे आणि शेपटीच्या बुडाशी असलेलं अवस्कर (मलमूत्राचं छिद्र) या जागा भिंगाने बघा. ओल्या कोकोपीटमध्ये फिरणारे पांढुरके, संथ कण सापावर चढत नसतील तर ते वेगळे माइट्स आहेत, सापाला काही करत नाहीत. जे टुणकन उडी मारतात ते स्प्रिंगटेल, ओल्या मातीतले निरुपद्रवी बारीक जीव. या दोघांसाठी सापावर औषध मारणाऱ्यांची संख्या कमी नाही.

(हे सगळं बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक अशा परदेशी सापांबद्दल आहे. धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्रजातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती नाही म्हणून डॉक्टरकडे जायला घाबरणारे लोक आहेत, आणि त्याची किंमत साप मोजतो.)

सगळ्यात मोठी चूक: सापावर उपचार, टँक तसाच

ठरलेली गोष्ट आहे. हौसेने प्लायवूडचा टँक बनवलेला असतो, आत झाडाचं खोड, कॉर्क बार्क, चार इंच कोकोपीट. माइट्स दिसतात. मालक सापाला रोज अंघोळ घालतो, बुडून मेलेले माइट्स मोजून खूश होतो आणि साप पुसून परत त्याच टँकमध्ये सोडतो. आठवडाभराने माइट्स कमी होतात, दहाव्या दिवशी दिसेनासे होतात. पुढच्या पंधरवड्यात पहिल्यापेक्षा जास्त. मग “औषधाला दाद देत नाहीत” असं म्हणून औषध दुप्पट केलं जातं. साप तोवर रोजच्या हाताळणीने वैतागलेला, उंदीर खायचा बंद झालेला, आणि दुप्पट डोस नेमका अशा सापावर पडतो.

माइट्सना औषधाची सवय झालेली नसते. मादी रक्त पिऊन झालं की सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. आयुष्यात ६० ते ८० अंडी. उबेत ती एक-दोन दिवसांत फुटतात, गारव्यात चारेक दिवस लागतात. बाहेर आलेली सहा पायांची अळी काही खात नाही. पुढची अवस्था रक्तासाठी सापावर चढते, त्यानंतरची पुन्हा फटीत बसते, मग प्रौढ. २५ ते ३० अंश सेल्सिअसला हे सगळं चक्र साधारण १३ ते १९ दिवसांत पूर्ण होतं आणि प्रौढ माइट ४० दिवसांपर्यंत जगू शकतो. म्हणजे तुम्ही सापावर जे बघता तो लवाजम्याचा एक भाग, बाकीचे प्लायवूडच्या सांध्यात. त्यात भर म्हणजे नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून नर निघतात, त्यामुळे एकटी मादीसुद्धा नवी वसाहत सुरू करू शकते. “एखाददुसरा राहिला असेल” या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आमची पद्धत कंटाळवाणी आहे, पण ती अशी. पहिल्याच दिवशी साप झाकणाला भोकं पाडलेल्या साध्या प्लास्टिक टबमध्ये. खाली किचन रोल, एक पाण्याचं भांडं, लपायला पुठ्ठ्याचा खोका. रोल रोज बदलायचा, खोका दोन-तीन दिवसांनी फेकायचा. टबच्या एका टोकाला उब हवीच, बॉल पायथनसाठी ३१-३२ अंश. आजारी साप थंड टबात ठेवणं ही वेगळी चूक. जुना सबस्ट्रेट (टँकच्या तळाशी अंथरलेलं कोकोपीट वगैरे) जाड पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर, गॅलरीत नाही. खोड, कॉर्क, फांद्या टाकून द्या. त्या महाग होत्या हे मान्य, तरी टाका. काच किंवा पीव्हीसीचा टँक गरम साबणाच्या पाण्याने, सांधे टूथब्रशने. ५० अंशांच्या वर माइट्स तग धरत नाहीत, म्हणून स्टीम क्लीनर असेल तर उत्तम. थंड काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. स्क्रूची भोकं, सरकत्या काचेची पन्हळ, सिलिकॉनची कड, हीट मॅटखालची टेप, थर्मोस्टॅटच्या प्रोबची वायर, झाकणाचा आतला काठ या जागा राहतात आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. प्लायवूडचा न रंगवलेला टँक पूर्ण साफ होतो यावर आमचा विश्वास नाही.

आणि कॅलेंडर. शेवटचा माइट दिसल्यापासून सहा आठवडे ओल्या किचन रोलची तपासणी दर चार-पाच दिवसांनी चालू ठेवायची. दहाव्या दिवशी सगळं पुन्हा सजवून फोटो काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: थांबा.

दुसरी मोठी चूक: अंदाजपंचे औषध

जनावरांच्या औषधांच्या दुकानात आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन सहज मिळतं. ते १ टक्का असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. गाईम्हशींसाठी केलेलं. ५०० ग्रॅमच्या सापाला किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने किती लागेल? ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिलिटर. एक थेंबसुद्धा नाही. मग कुणीतरी सुचवतं, इन्सुलिनच्या सिरिंजची एक रेघ घे. आपल्याकडे लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१०० अशा दोन्ही सिरिंज मिळतात. यू-१०० वरचं एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, यू-४० वरचं एक युनिट म्हणजे ०.०२५. लाल टोपी हातात आली की डोस अडीच पट. साप डोकं वर करून आकाशाकडे बघत राहतो, थरथरतो, उलटा ठेवला तर सुलटा होत नाही. यावर उतारा म्हणून दुसरं औषध नाही, डॉक्टर फक्त आधार देऊ शकतात. बॉल पायथनमध्ये योग्य डोसलाही चेतासंस्थेचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. घरी इंजेक्शन टोचू नका.

त्याच औषधाचा पातळ स्प्रे ही वेगळी बाब. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम सांगतात, म्हणजे एक लिटर पाण्यात १ टक्क्याचं अर्धा ते एक मिलिलिटर. आम्ही अर्ध्यावर थांबतो. आयव्हरमेक्टिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेव्हा प्रत्येक फवाऱ्याआधी बाटली जोरात हलवा, नाहीतर पहिले फवारे निव्वळ पाणी आणि शेवटचे तीव्र. उजेडात ते टिकत नाही, म्हणून दर वेळी ताजं करा. दर तीन ते पाच दिवसांनी, जास्तीत जास्त चार आठवडे. त्याच खोलीत कासव असेल तर ही बाटली घरात आणूच नका. कासवांना आयव्हरमेक्टिन जीवघेणं आहे, आणि हात, चिमटे, भांडी यांवरूनही ते पोचू शकतं.

कुत्र्यांच्या गोचिडांवरचा ०.२५ टक्के फिप्रोनिल स्प्रे दुसरा पर्याय. तो सापावर थेट मारायचा नाही. हातमोजे घालून कापडावर घ्यायचा, डोळे आणि तोंड सोडून अंगावरून पुसायचा, पाच मिनिटांनी कोमट पाण्याने धुवायचा. पुन्हा सात ते दहा दिवसांनी. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून खोली हवेशीर हवी आणि साप आधी भरपूर पाणी प्यायलेला हवा. लेबल वाचा: फिप्रोनिलबरोबर इतर औषधं मिसळलेली उत्पादनंही मिळतात, ती नकोत. पिल्लं, अशक्त साप आणि कात टाकायला आलेले साप यांच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. आयव्हरमेक्टिन आणि फिप्रोनिल दोन्ही एकदम तर मुळीच नाही.

औषध मारलेल्या टँकमध्ये पाण्याचं भांडं ठेवणं हीही याच घराण्यातली चूक. साप ते पाणी पितो. सगळं कोरडं होईपर्यंत साप आणि भांडं दोन्ही बाहेर.

बाकीच्या, थोडक्यात

खरजेचं ५ टक्के परमेथ्रिन मलम सापाला चोळू नका. अमेरिकेत सापांच्या टँकसाठी जो परमेथ्रिनचा स्प्रे मिळतो तो ०.५ टक्के असतो, आणि तोही साप बाहेर काढून टँकला मारून पूर्ण वाळवायचा असतो. दहा पट तीव्र औषध थेट कातडीवर लावण्यात कसला शहाणपणा आहे? घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिलाही विषारी आहे.

झुरळांचा स्प्रे नाही. डांबर गोळ्या नाहीत. कापूर नाही. जुन्या कपाटात पडून असलेलं नुवान हे कीटकनाशक तर नाहीच. त्यातलं डायक्लोरव्हॉस भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे आणि बंद पेटीत त्याची वाफ सापाच्या फुफ्फुसात जाते.

कडुनिंबाचं तेल “नैसर्गिक आहे” म्हणून अंगभर थापणाऱ्यांचा उत्साह कळतो, पण तेलकट साप नीट कात टाकत नाही आणि फटीतल्या अंड्यांना त्याने काही होत नाही.

अंघोळ उपयोगी आहे, पण वेळ पाळा. २८ ते ३० अंशांचं पाणी, खोली सापाच्या अंगाच्या जाडीएवढी, २० ते ३० मिनिटं. बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचा एकच थेंब घातला की पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि माइट्स तरंगायचे थांबून बुडतात. नंतर साध्या पाण्याने धुवा. तोंड बाहेर राहतं, त्यामुळे माइट्स डोक्यावर गोळा होतात. तिथे ओल्या कापसाच्या काडीने डोळ्यांची कड पुसून घ्या. रात्रभर भिजत ठेवणं म्हणजे उपचार नव्हे. खाऊ घातल्यावर दोन दिवस अंघोळही नाही.

पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात हवेतली आर्द्रता आणि २५-३० अंशांचं तापमान माइट्सना हवं तसं असतं. जूनच्या आधी टँक उघडून फटी तपासून घ्या. उपचाराच्या काळात टबमधला किचन रोल कोरडा ठेवल्याने अंडी वाळतात, पण म्हणून सापाचं पाणी काढून त्याला कोरडा पाडू नका.

कात टाकली की ती लगेच उचलून पिशवीत. तिच्यात माइट्स असतात.

अनेक साप असतील तर निरोगी आधी, लागण झालेला शेवटी, आणि मग हात धुवून कपडे बदला. रॅकच्या पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा लावा. नवा साप ९० दिवस वेगळ्या खोलीत, किचन रोलवर. दुकानदार “क्लीन आहे” म्हणाला, तरीही.

सर्पमित्रांसाठी खास: रेस्क्यूची पिशवी, हुक आणि हातमोजे घरच्या सापाजवळ नेऊ नका. रानातल्या सापावर गोचीड आणि माइट्स असणं अगदी साधी गोष्ट आहे.

तोंडातली त्वचा फिकट पडली असेल, साप मलूल असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर घरचे उपाय थांबवा. खूप रक्त गेल्याने रक्तक्षय होतो आणि माइट्स जिवाणूही पसरवतात. औषधानंतर थरथर किंवा तोल जाणं दिसलं तर कोमट पाण्याने लगेच धुवा, सापाला त्याच्या नेहमीच्या तापमानात ठेवा, बाटलीच्या लेबलचा फोटो घ्या, किती मारलं आणि किती वाजता ते कागदावर लिहा आणि सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे निघा.