नाशकात राहून सिरॅमिकवाले, शिल्पकार, कारागीर कसे शोधायचे

इन्स्टावर नुसतं 'पॉटरी' टाकलं की तेच तेच मोठे अकाउंट वर येतात, त्यापेक्षा 'नाशिक', 'स्टोनवेअर' (जास्त तापवून पक्की भाजलेली मातीची भांडी), 'टेराकोटा' असं जोडून बघा आणि एखादा आवडला की तो कोणाकोणाला फॉलो करतो ती यादी चाळा, भारी कलाकार तिथेच सापडतात. इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले हे सिरॅमिक कलेचं मोठं प्रदर्शन २०१८ला जयपूरला झालं होतं, त्यातली नावंही अशीच एकेक शोधत जा.

प्रदर्शनात एखादा कप हातात घेतला की आधी उलटा करा. बुडाला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली खरखरीत कड असते, तिथेच आसपास बऱ्याचदा सही नाहीतर छोटा शिक्का असतो, विचारून त्याचा फोटो काढा. स्टोनवेअर साधारण १२०० डिग्रीच्या वर भाजतात म्हणून ते पाझरत नाही, टेराकोटा बराच कमी तापमानात भाजतात म्हणून तो पाझरतो आणि माठातलं पाणी गार राहतं.

आणि प्लीज, फक्त स्टुडिओवाल्यांनाच कलाकार समजू नका हो! जुन्या नाशकात कुंभारवाड्यात चक्कर मारा, तांब्यापितळेसाठी भांडी बाजार, पैठणीसाठी येवला, तिथे मागावर काम चालू असताना बघायला मिळतं. आवडलं तर नंबर घ्या, ऑर्डर थेट त्यांनाच द्या, आणि घासाघीस नको.