भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सायकलने: जंगलातला शांत रस्ता कसा निवडावा आणि कसा पार करावा

सह्याद्रीतला रस्ता देखणा असणे आणि शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माळशेज घाट पावसाळ्यात कितीही मोहक दिसला, तरी तो कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर असल्याने तेथे सायकलस्वाराला मालमोटारींच्या शेजारून चढावे लागते. ताम्हिणी घाट मंगळवारी एक असतो आणि जुलैतल्या रविवारी दुसराच. म्हणून मार्ग निवडताना ‘तेथे काय दिसते’ यापेक्षा ‘हा रस्ता पुढे कोठे जातो’ हे आधी विचारावे. जो रस्ता दोन शहरांना जोडत नाही, ज्यावरून कोणाला घाईने पलीकडे पोहोचायचे नसते आणि जो केवळ वाड्यावस्त्यांसाठी आखलेला आहे, तोच बहुतेक वेळा सायकलीला मानवतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवती फिरणारा रस्ता या कसोटीला पुरेपूर उतरतो, म्हणून येथे तोच उदाहरणादाखल घेतला आहे.

प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याशी शेंडी गाव आहे. शेंडीहून निघून दक्षिण काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, तेथून साम्रद, मग घाटघर आणि उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडीला येता येते. ही फेरी साधारण ४० ते ४५ किलोमीटरची होते. एका बाजूला रतनगडाची आणि दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग व कळसूबाईची रांग आणि मध्ये पाणी, अशी ही दरी आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर याच परिसरात आहे. बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते. त्यासाठी सुटे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.

पोहोचण्याचा मार्ग निवडताना थोडा संयम हवा. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा घाट सायकलीने चढण्याचा हट्ट धरू नये. तो महामार्ग आहे आणि त्या चढावर धुराखेरीज पदरात काही पडत नाही. गाडीच्या मागे कॅरिअर लावून किंवा रेल्वेच्या मालडब्यातून पार्सल करून सायकल इगतपुरीपर्यंत आणावी आणि तेथून घोटी, वासाळी, बारी अशा रस्त्याने शेंडी गाठावे. या रस्त्यावर वाहने असतात, पण महामार्गाचा गोंगाट नसतो. शेंडीत आदल्या रात्री मुक्काम केला, तर दुसऱ्या दिवशी उजाडताच निघता येते, आणि या फेरीत सर्वाधिक महत्त्व त्या लवकर निघण्यालाच आहे.

कारण येथली शांतता तासांवर आणि तारखांवर अवलंबून आहे. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांच्या दिवसांत याच अरुंद रस्त्यावर रात्रभर मोटारींच्या रांगा लागतात. पंधरा ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्या आणि वर्षअखेर यांचीही तीच गत. भर पावसाळ्यात घाटघर आणि रतनवाडी येथे जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस कोसळतो, समोरचे दहा पावलांवरचे दिसत नाही आणि दरडीचा भरवसा नसतो, तेव्हा सायकल घरीच बरी. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही पाऊस ओसरताना सोनकीने पिवळे झालेले उतार आणि पोटरीला आलेली भातखाचरे ज्यांना पाहायची असतील, त्यांनी सप्टेंबर गाठावा; मात्र वार सोमवार ते गुरुवार यांपैकीच असावा. ज्यांना फक्त शनिवार-रविवारच मोकळे आहेत, त्यांनी सकाळी साडेनऊपर्यंत रतनवाडी मागे टाकण्याचा बेत करावा.

फेरी कोणत्या दिशेने करावी, याबद्दल सायकलस्वारांत मतभेद आढळतात. आपण डाव्या बाजूने चालत असल्याने उत्तर काठाने सुरुवात केली, तर जलाशय सतत डाव्या हाताला, म्हणजे आपल्या बाजूला राहतो, हा त्या दिशेच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. तरीही माझा कौल दक्षिण काठाने निघण्याला आहे. पर्यटकांची मुख्य वर्दळ रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि साम्रदची सांदण दरी येथे असते. ही दोन्ही ठिकाणे सकाळीच मागे पडली, तर पुढचा अर्धा रस्ता निवांत मिळतो. शिवाय अमृतेश्वराची पायऱ्यांची पुष्करणी आणि शिखरावरचे कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोटारी उभ्या नसताना पाहणे हे वेगळेच सुख आहे.

चढाचा अंदाज नकाशावरून आधीच घेता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रस्त्याने अशा पाच रेषा ओलांडल्या तर शंभर मीटर चढ झाला, आणि तो दोन किलोमीटरमध्ये झाला तर सरासरी पाच टक्के. पाच टक्क्यांचा चढ सराव नसलेल्यालाही सावकाश झेपतो; सलग आठ टक्क्यांवर मात्र गिअर अपुरा असेल तर गुडघे बोलू लागतात. या रस्त्यावर एकच मोठा घाट नसून लहानमोठे चढउतार पुन्हा पुन्हा येतात, म्हणून पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची चकती असलेली सायकल सोयीची. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. अर्ध्या चढावर जोर लावून गिअर बदलताना चेन उतरण्याची शक्यता अधिक असते.

टायर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत, कारण दर पावसाळ्यानंतर डांबर कोठे ना कोठे उखडलेले असते आणि वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचते. त्याहून फसवी जागा म्हणजे ओढ्यावरचा फरशी पूल. पाऊस थांबून आठवडा झाला तरी सावलीतल्या अशा पुलावर पाण्याची पातळ धार वाहत असते आणि तिच्याखाली हिरवट, बुळबुळीत शेवाळाचा थर असतो, जो कोरड्या काँक्रीटच्या रंगात सहज मिसळून जातो. तेथे पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा, पुलावर ब्रेक लावू नये, हँडल वळवू नये आणि पॅडल न मारता सायकल सरळ जाऊ द्यावी. शंका वाटल्यास उतरून चालत जाण्यात कमीपणा मानू नये.

उतारावर वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून वेग आवरावा आणि वळणात शिरल्यावर ब्रेक सोडावेत. चाकाच्या रिमवर लागणारे ब्रेक असतील, तर ते सतत दाबून ठेवल्याने रिम तापते, म्हणून थोडे दाबणे आणि सोडणे असे आलटूनपालटून करावे. आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी, पण डांबराच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नये. तेथून साइडपट्टी अनेक ठिकाणी वीतभर खाली असते आणि चाक उतरले की तोल जातो. घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची असते, हा नियम सायकलस्वारालाही लागू आहे. संध्याकाळी परतणारी गुरे दिसली की थांबावे. म्हशी सायकलीला बिथरतात आणि अचानक आडव्या येतात.

साम्रद ते घाटघर या टप्प्यात मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. वाटेत चौकशी करायची झाल्यास ‘अजून किती लांब’ असे विचारू नये, कारण ‘हे काय, इथंच पलीकडं’ या उत्तराचा आवाका एक किलोमीटरपासून सहापर्यंत कितीही असू शकतो. त्याऐवजी ‘मामा, आज एसटी आली का?’ असे विचारावे. एसटी आली असेल, तर रस्ता मोकळा आहे आणि मोऱ्या शाबूत आहेत, एवढे नक्की कळते.

घाटघरला प्रवरा खोऱ्यातले पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात सोडून वीज निर्माण करणारा आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर उपसणारा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. त्याच्या जवळच कोकणकडा आहे. दुपारी वाफ धरून कोकण धूसर होते, म्हणून येथे अकराच्या आत पोहोचणे चांगले. कठड्याच्या पलीकडे जाऊ नये. वारा कड्यावरून अचानक उसळी मारतो.

पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, दोन सुट्या ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि चेन जोडण्याचे अवजार एवढे सामान पुरते; शेंडी सोडल्यावर वाटेत सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेल असे धरून चालू नये. जेवणाची सोय रतनवाडी आणि साम्रदमध्ये घरगुती स्वरूपात होते, मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगितलेले बरे, म्हणजे मावशींना आयत्या वेळी चूल पेटवावी लागत नाही. पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा असा बेत असेल, तर जेवणानंतर अर्धा तास थांबूनच निघावे.

उत्तर काठाने परतताना पाठीशी बहुधा पश्चिमेचा वारा असतो आणि वेग आपोआप वाढतो. तरी चार वाजेपर्यंत शेंडीत पोहोचण्याचा हिशेब ठेवावा, कारण या जंगलात बिबट्याचा वावर आहे आणि संध्याकाळी उबदार डांबरावर साप येऊन पडतात. पूर्ण फेरीची खात्री नसेल, तर शेंडी ते रतनवाडी आणि परत एवढेच करावे. जंगलाचा मोठा भाग त्यातही पाहून होतो. वाटेत सायकल मोडलीच, तर गावातून शेंडीकडे जाणाऱ्या जीपला हात करावा. टपावर सायकल बांधायला दोर आपला असावा, आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे.