जुन्या चकमकीच्या बंदुकीच्या लॉकवरचे शिक्के कसे वाचायचे

वाड्याच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात कंपनीच्या काळातली बंदूक हाती लागली की लोक पहिलं काय करतात तर चिंच-लिंबू लावून घासतात. अजिबात नको, अर्धी अक्षरं तिथेच जातात. आणि त्याच्याही आधी नळीत गज घालून बघा, तोच गज बाहेरून नळीला लावून ताडा, आत बराच कमी जात असेल तर दारू अजून भरलेली असू शकते, मग सरळ पोलिसांना कळवा.

नळी रिकामी असेल तर मऊ फडक्याला थोडं तेल घेऊन लॉकची (म्हणजे चकमक आपटून ठिणगी पाडणाऱ्या बाजूच्या यंत्राची) पट्टी पुसा, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरा, म्हणजे रेघांची सावली पडते आणि पुसट अक्षरं उठून दिसतात. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा.

आता खरा घोळ. बाहेरचा ठसठशीत शिक्का बहुतेक वेळा बनवणाऱ्याचा नसतोच, मालकाचा असतो. घोड्याच्या (चकमक धरणाऱ्या वरच्या भागाच्या) पुढे मुकुट आणि 'जीआर' असेल तर माल ब्रिटिश सरकारचा, जीआर म्हणजे राजा जॉर्ज (आपला मंत्रालयातला जीआर नव्हे!). पट्टीच्या शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाला, 'टॉवर' लिहिलेलं असतं ते कारागिराचं आडनाव नाही, लंडनच्या टॉवरमधलं शस्त्रागार. पत्त्यातल्यासारखा बदाम, त्याचे चार भाग, वर इंग्रजी चारसारखी खूण आणि आत व्ही-ई-आय-सी, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. तो व्ही बघून लोक डच कंपनीची (व्हीओसी) म्हणतात, पण तो यू म्हणून वाचायचा, युनायटेडचा. 1808 च्या सुमारास बदाम गेला आणि मुकुट धरलेला सिंह आला, त्यामुळे काळ तिथेच साधारण कळतो.

मग बनवणारा कुठे? कंपनीच्या जुन्या लॉकवर शेपटाकडे बार्नेट, विल्सन असं ठेकेदाराचं नाव आणि कधी सालही सापडतं. सरकारी लॉकवर 1764 नंतर हे बंद झालं, तिथे लॉक उतरवून आतून बघावं लागतं. घोडा अर्ध्यावर चढवा, बंदुकीच्या पलीकडच्या बाजूचे दोन स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, त्यांच्यावर लाकडी मुठीने हलकेच ठोका, लॉक सरळ बाहेर येतं, पाचर घालून उचकटू नका लाकूड फुटतं. आत कारागिरांची आद्याक्षरं आणि जोडणीच्या कानशीच्या खुणा असतात, सगळ्याचे फोटो काढा.

इंग्रजी एन उलटा कोरलेला दिसला तर खैबर खिंडीकडे बनलेली नक्कल असण्याची शक्यता जास्त. आणि लॉक लाकडाच्या खाचेत नीट बसतंय का तेही बघा, फट असेल तर ते दुसऱ्या बंदुकीचं असू शकतं, मग त्यावरचं साल या बंदुकीचं धरू नका.