आठवड्याच्या पगारात महिना बसवायचा कसा

यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, विडीचं काम यांवर चालणाऱ्या सोलापुरातल्या बऱ्याच घरांत पैसा आठवड्याने येतो. घरभाडं, लाईट बिल, शाळेची फी मात्र महिन्याने भरायची असते. काम कमी झालं की ओढाताण इथूनच सुरू होते, म्हणून हिशोबही इथूनच बांधावा.

वहीच्या एका पानावर फक्त ठरलेले खर्च लिहा: भाडं, लाईट, सिलिंडर, फी, कर्जाचे हप्ते. समजा बेरीज 6500 आली. तिला 4 ने भागा, 1625. एवढी रक्कम पगाराच्या दिवशीच, बाजाराला जाण्याआधी, वेगळी काढा. उरलेल्यात किराणा, भाजी, चहा, रिक्षा. वर्षात आठवडे 52 असतात आणि अशा भागाकारात 48च वापरले जातात. म्हणजे ज्या महिन्यात पाच पगार येतात, त्यातल्या पाचव्या पगारावर भाड्याफीचा बोजा नसतो. असे महिने वर्षातून चारेक. ते 1625 तेव्हाही बाजूला टाकले तर साडेसहा हजार जमतात, आणि जूनमधल्या वह्या-गणवेशाला हात पसरावे लागत नाहीत. हा पगार ‘जास्तीचा’ वाटतो, म्हणून तोच सगळ्यात आधी उडतो. गड्ड्याच्या जत्रेचा (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचा) खर्चही यातूनच धरा.

पगार कमी-जास्त होत असेल तर सरासरी काढू नका. मागच्या आठ पगारांतला सर्वांत कमी पगार धरून घराचा हिशोब बसवा.

धान्याचं गणित वेगळं आहे. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते, तेव्हा साठवणीची घेणं चांगलं. घरात रोज किलोभर ज्वारी लागत असेल तर एक क्विंटल तीन महिन्यांहून जास्त पुरते. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर आत घाम धरते आणि कीड लागते. पण ही खरेदी फक्त हातातल्या पैशाने. सावकाराकडून महिना शेकडा पाच व्याजाने पैसे काढून वर्षाची ज्वारी भरली तर स्वस्ताईचा फायदा दोन-तीन महिन्यांच्या व्याजातच जातो. रेशन कार्डावर प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालंय का, तेही बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मोफत मिळतं, ते सोडू नये.

आता कर्ज. घरं खर्चाने कमी आणि हप्त्यांनी जास्त बुडतात. 20,000 रुपये घेतले, 480 रुपयांचे 50 आठवडे फेडले, तर एकूण 24,000 जातात. व्याज 20 टक्के वाटतं. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत असते, म्हणून खरा वार्षिक दर 38 टक्क्यांच्या आसपास पडतो. एका गटाचा (गटाच्या हमीवर, आठवड्याच्या हप्त्याने मिळणाऱ्या कर्जाचा) हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज घेतलंत की थांबणं अवघड होतं. सावकाराचं महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के: दहा हजारांवर वर्षात सहा हजार भरूनही मुद्दल जागच्या जागी. फेडताना बाकीचे हप्ते चालू ठेवून जास्तीचा रुपया सर्वांत महाग कर्जावर टाका. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. मात्र मुदत चुकली तर दागिन्याचा लिलाव होतो, तारीख वहीत लिहून ठेवा. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका.

भिशी लावायची तर ओळखीतली, लहान रकमेची. चालवणारा पळाला तर वसुली फार कठीण.

विम्याला काट मारू नका. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या अपघात विम्याचे वर्षाला 20 रुपये आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती या आयुर्विम्याचे 436 रुपये मे अखेरीस कापले जातात. दोन्ही चालू असतील तर 20 मेपर्यंत खात्यात किमान 456 रुपये ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते कळतही नाही.